न नेलेली लग्नं

आमच्या लॅपटॉपमधली जागा संपत आली की पडद्यावर एक लाल पट्टी उमटायची. त्या वर्षी ती दिवाळीत उमटली आणि तुळशीची लग्नं लागून गेली तरी हटेना. लग्नसराई तोंडावर आलेली आणि आमच्याकडे एक नवरा-नवरी ठेवायला जागा नाही. दारव्ह्याला बाजाराच्या रस्त्यावर आमचा फोटो स्टुडिओ होता. नवरा कॅमेरा घेऊन लग्नोलग्नी फिरायचा, आणि मी दुकानात बसून ते फोटो निवडायचे, काळवंडलेले चेहरे उजळायचे, अल्बम लावायचे. म्हणजे नाव स्टुडिओचं असलं तरी खरा स्टुडिओ तो लॅपटॉपच होता.

त्याचं वय कोणी विचारू नये असं झालं होतं. बिजागरी तुटलेली, म्हणून पडदा भिंतीला टेकवून ठेवायचा. बॅटरी मेली होती, त्यामुळे वीज गेली की तोही गेला, आणि दारव्ह्यात वीज जायला निमित्त लागत नसे. खाली अगरबत्तीचे रिकामे पुडे लावले तर जरा कमी तापायचा. पंखा असा घरघरायचा की शेजारचा टेलर म्हणायचा, "वहिनी, आज ज्वारी का गहू?" मी त्या लॅपटॉपला रोज शिव्या द्यायचे. नवऱ्याला देता येत नाहीत त्याही त्यालाच द्यायचे. बिचारा ऐकून घ्यायचा आणि पुन्हा गोठून बसायचा.

जागा कोणी खाल्ली ते आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. न नेलेल्या लग्नांनी.

ते असं झालं. बोंडअळीच्या त्या वर्षांत कापूस पिकला तर भाव नसे आणि भाव आला तर घरात कापूस नसे. पण पोरी वाढायच्या त्या वाढतच होत्या, लग्नं लागायची ती लागतच होती. ठरवताना लोक हौसेनं फोटो ठरवायचे, आणि लग्न उरकल्यावर अल्बम न्यायला फिरकायचे नाहीत. देणं राहिलं की माणूस रस्ता बदलतो. आमच्या दुकानासमोरून जाताना कितीतरी ओळखीचे लोक पलीकडच्या कडेनं जायचे, जणू आमच्या पायरीवर चावरं कुत्रं बांधलंय. पहिल्यांदा मला राग यायचा. मग मीच मान खाली घालून काम करत बसायला लागले, म्हणजे त्यांना निवांत जाता यावं.

ती सगळी लग्नं आमच्या लॅपटॉपमध्ये मुक्कामाला होती. हळद, वरात, जेवणाची पंगत, रडणारी नवरी, सगळं जिथल्या तिथे.

आणखी एक गोष्ट मला फोटो निवडताना दिसायची, ती बहुतेक दुसऱ्या कोणाला दिसली नसेल. आमच्याकडे आहेर देणाऱ्या प्रत्येकाचा फोटो काढायची रीत आहे. पाहुणा स्टेजवर चढतो, नवरदेवाच्या हातात पाकीट देतो, फोटोवाल्याकडे वळून ताठ उभा राहतो आणि उतरतो. खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्याकोताऱ्यांचा जन्मातला एकुलता एक फोटो हा असा, दुसऱ्याच्या लग्नातला. त्या वर्षांत हे फोटो कमी कमी होत गेले. लोक यायचे, अक्षता टाकायचे, आणि स्टेजकडे न फिरकता कडेकडेनं पंगतीत जायचे. काही तर जेवायचेही नाहीत. पाकीट हलकं असलं की माणसाला उजेड नकोसा होतो. त्यांतले एक माझे बाबा होते.

बाबा घाटंजीला जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काट्यावर होते. गाड्या भरून आलेला कापूस मोजायचा, हे त्यांचं काम. मी लहानपणी त्यांना डबा घेऊन जायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले असायचे आणि मी फुंकर मारून ते उडवायचे. पुढे जिनिंग वर्षातून थोडे दिवस चालायला लागली आणि मग एका हंगामात काटा उघडलाच नाही. बाबा तरीही सकाळी आंघोळ करून, पांढरा सदरा घालून जिनिंगच्या फाटकापर्यंत जाऊन यायचे. मायनं मला फोनवर सांगितलं, "येडे होतीन वं हे अशानं. नेय तुह्याकडं."

मी त्यांना आणलं. नुसतं बसून खाणं त्यांना जमणारं नव्हतंच. लग्नात व्हिडिओच्या वेळी मोठा दिवा धरून उभा राहायला माणूस लागतो, त्याला आम्ही लाईटवाला म्हणतो. बाबा आमचे लाईटवाले झाले. हात स्थिर असायचा त्यांचा. जन्मभर काटा थरथरू दिला नाही, दिवा काय थरथरू देणार! हंगामभर आमच्यासोबत हिंडायचे आणि मधल्या दिवसांत मायजवळ घाटंजीला जाऊन राहायचे.

आता इथे आमच्या धंद्यातली एक बारीक गोष्ट सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. लग्नाआधी रिकाम्या स्टेजवर उजेड बरोबर पडतो की नाही ते बघावं लागतं. त्यासाठी नवरदेवाच्या खुर्चीत कोणीतरी बसवायचं आणि दोनचार फोटो काढून पाहायचे. हे टेस्टचे फोटो. आमच्याकडे खुर्चीत बाबाच बसायचे. लाल मखमलीची, सोनेरी हातांची ती खुर्ची, आणि तिच्या टोकावर चोरासारखे टेकलेले बाबा. नवरा म्हणायचा, "बाबा, टेकून बसा ना जरा." बाबा म्हणायचे, "दुसऱ्याची खुर्ची हाय बापू. टेकाची नसते."

जागा करायची वेळ आली की फोटोवाले सगळ्यात आधी काय उडवतात? टेस्टचे फोटो. ते कोणाचेच नसतात. आम्हीही उडवायचो, आणि उडवायचे कोण, तर बाबा. डिलीट मीच शिकवलं त्यांना. लॅपटॉपसमोर मांडी घालून बसायचे, चष्मा नाकावर ओढायचे आणि एका बोटानं, बटणाला लागेल की काय अशा बेतानं दाबायचे. "हा म्हातारा उडवला," म्हणायचे, "हाही उडवला. झाली का वं जागा?" मी म्हणायचे, झाली. त्यांना फार बरं वाटायचं. काहीतरी उपयोगाचं केल्यासारखं. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. जिवंत माणूस शेजारी बसून चहा पीत असताना त्याचा फोटो कोण जपून ठेवतं?

एकच गोष्ट ते करू देत नसत. न नेलेल्या लग्नाला हात लावायचा नाही. त्यातला टेस्टचा फोटोसुद्धा उडवायचा नाही. "ज्याचं हाय तेच्या हाती पडेपर्यंत आपुन राखनदार," हा त्यांचा काट्यावरचा कायदा. जिनिंगमध्ये मोजलेल्या पण मालकानं चिठ्ठी न नेलेल्या ढिगातला तंतूही हलवायचा नाही म्हणे. ढिगातून एकदा काढलं की मग काय काढलं आणि काय ठेवलं याला साक्ष राहत नाही. नवरा माझ्याकडे बघून डोळे फिरवायचा. सासऱ्यापुढे बोलायची सोय नव्हती.

तर त्या वर्षी लाल पट्टी हटेना म्हणून नवरा यवतमाळला जाऊन आला. तिथे एका दुकानात जुना द्या, नवा घ्या असं चाललं होतं. नवा लॅपटॉप पाहून तो हरखूनच गेला होता. "बटन दाबलं का चालू! चहा ठेवाले वेळच नाई भेटत." मी विचारलं, जागा किती? तर म्हणे, जागा थोडी कमी आहे आपल्यापेक्षा. निम्मी. मला हसावं की रडावं कळेना. धावणारी सून आणली, पण घरात तिचं सामान ठेवायला कोनाडा नाही. बाहेरची एक हार्ड डिस्क होती आमच्याकडे, ती आधीच्या वर्षांनीच भरून गेली होती. दुसरी घ्यायची तर लॅपटॉप राहिला.

"मंग उडव न," नवरा म्हणाला. "न नेलेले उडव. कोनी येत नाई आता. तीन-तीन वर्सं झाले काहींचे. पोरंबी झाले त्याइले."

"बाबा काय म्हणतात माहीत आहे ना?"

"बाबा घाटंजीले हायेत," तो म्हणाला. "त्याइले कायले सांगतं?"

मी दोन्हीकडून भरडली जात होते. जुना ठेवावा तर तो कोणत्याही दिवशी कायमचा गोठेल आणि सगळंच जाईल, आमचा धंदासुद्धा. नवा घ्यावा तर लोकांची लग्नं आपल्या हातानं पुसायची. नवऱ्याचं चुकत होतं असं नाही. दुसऱ्यांच्या वराती सांभाळून आमच्या चुलीवर तवा चढणार नव्हता. शेवटी मी हो म्हणाले. येत्या रविवारी जुना देऊन नवा आणायचा ठरलं.

त्याच आठवड्यात घाटंजीहून फोन आला. बाबा सकाळी आंघोळ करून सदरा घालत होते. एक हात बाहीत गेला आणि छातीत कळ आली. दुसरा हात बाहीत जायचा राहिला.

मातीचं सगळं घाटंजीलाच झालं. मी रडले नाही. माझ्यात काहीतरी गोठून बसलं होतं. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पुढच्या काही दिवसांत ठरला. भंतेजी येणार, बुद्धमूर्तीशेजारी पांढऱ्या कापडावर बाबांचा फोटो ठेवणार, येणारा प्रत्येक जण मेणबत्ती लावून फूल वाहणार. मातीला आलेला माझ्या दिराचा मुलगा म्हणाला, फोटोचं तर काम घरचंच आहे, काकू आणेल.

मी मायला म्हटलं, आधार कार्डावरचा मोठा करते.

माय भिंतीला टेकून बसली होती. तशीच उठली. "आधारवरचा लावशीन तर मी तेच्यापुढं बसनार नाई," ती म्हणाली. "तेच्यात हे जितेपनीच मेल्यासारखे दिसते. दुनियेचे फोटो काढतं तू, अन् तुह्या बाबाचा एक धड फोटो नाई तुह्यापाशी?"

नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. माझ्या लग्नाचे असतील असं कोणालाही वाटेल. पण फोटोवाल्याच्या लग्नाचे फोटो त्याचा मित्र फुकटात काढतो, आणि फुकटातला अल्बम कधी मिळत नाही. मित्राचा कॉम्प्युटर केव्हाच भंगारात गेला होता. फोनमधले होते ते फोन भरले तेव्हा उडाले. पहिल्या गाडीनं दारव्ह्याला आले आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून लॅपटॉपसमोर बसले.

नेलेली लग्नं एकामागून एक उघडायला लागले. बाबा प्रत्येक लग्नात होते, ते मला माहीत होतं. आमच्यासोबतच तर आलेले. पण हातात दिवा घेतलेला माणूस फोटोत कसा येणार? तो उजेडाच्या मागे असतो. नवरीचा चेहरा लख्ख, आणि तो लख्ख करणारा कुठेच नाही. जिनिंग बंद व्हायच्या आधीच्या लग्नांमध्ये ते पाहुणे म्हणून आलेले असायचे, तिथेही शोधलं. एकात त्यांची पाठ दिसली, पांढरा सदरा, मानेवरची ओळखीची वळी. एकात खांबाआड अर्धा खांदा. एका पंगतीत पत्रावळीवर वाकलेलं डोकं, आणि पुढच्या फोटोत वर बघतील म्हणून मी घाईनं पुढे गेले तर तिथे वाढपी आडवा. फोटोवाला दिसला की बाबा तोंड फिरवायचे. स्वतःचा जावई असला तरी.

प्रत्येक फोटो उघडायला लॅपटॉप वेळ घ्यायचा. मधेच वीज जायची, पडदा काळा व्हायचा, आणि त्या काळ्या काचेत माझंच तोंड दिसायचं. वीज आली की पुन्हा पहिल्यापासून. टेलरच्या दुकानात रेडिओ वाजत होता. मी उठून ओरडले, बंद करा ते. त्याला कळेना काय झालं. मलाही कळत नव्हतं. असं वाटत होतं, बाबा याच खोक्यात कुठेतरी आहेत, मला आवाज देत आहेत, आणि मला त्यांच्यापर्यंत पोचता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा दिग्रसचं लग्न काढून आला. तो थकलेला होता, मीही. कॅमेऱ्याचं कार्ड त्यानं टेबलावर ठेवलं. "हे खाली करून दे. संध्याकाळी निघायचं हाय पुन्हा."

"जागा नाही," मी म्हटलं.

"मंग आजचं लग्न कुठं ठेवू? माह्या डोक्यावर?" मग तो खुर्ची ओढून माझ्याजवळ बसला आणि हळू म्हणाला, "न नेलेल्यातलं एक तरी उडव वं. बाबा राहिले नाई आता इचाराले."

हे त्यानं वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. पण ते वाक्य मला जे लागलं ते लागलं. खरंच, विचारायला कोणी राहिलं नव्हतं. कोणताही ढीग आता कोणीही हलवू शकत होतं. मला तेव्हा पहिल्यांदा रडू आलं आणि ते थांबेना. रडत रडतच मी न नेलेल्या लग्नांचा फोल्डर उघडला. तो उघडला की लॅपटॉप हटकून गोठायचा, म्हणून शोधताना मी तिकडे गेलेच नव्हते. शिवाय टेस्टचे फोटो तर सगळे बाबांनीच उडवलेत, हे डोक्यात घट्ट बसलेलं. आर्णीकडच्या एका खेड्यातलं लग्न वरच होतं. त्याच्यावर बाण नेला. एक बटण दाबायचं होतं.

मला ते बाबांच्या बेतानं दाबता आलं नाही. रडण्याच्या भरात बोट भलत्याच बटणावर पडलं आणि लग्न उडायच्या ऐवजी उघडलं.

पहिलाच फोटो. रिकामं स्टेज, मागे झेंडूच्या माळा, लाल मखमलीची खुर्ची, आणि खुर्चीत माझे बाबा.

मी नवऱ्याचा हात इतका जोरात धरला की तो कळवळला. बाबा कॅमेऱ्याकडे बघत नव्हते, त्याच्या जरा वर बघत होते आणि हसत होते. तोंडभर हसत होते, वरचा पडलेला दात दिसत होता. आणि मला एकदम आठवलं. नवऱ्याच्या मागे मी उभी होते. त्या दिवशी मी मुद्दाम त्यांना म्हटलं होतं, "बाबा, नवरी पळाली वाटते तुमची!" ते हे हसणं होतं.

मग लॅपटॉप गोठला. बाण हलेना, काही हलेना, पंखा किंचाळायला लागला. ही वीज आता जाणार, आणि गेली की हा पुन्हा उठणार नाही, अशी माझी खात्रीच झाली. मी फोन काढून पडद्याचाच फोटो घेतला, एक घेतला, अजून घेतले, प्रत्येकावर आडव्या रेघा. नवरा वहीच्या पुठ्ठ्यानं लॅपटॉपला वारा घालत होता. जन्मभर आठवेल असं चित्र असेल ते: दोन मोठी माणसं, एक रडतंय आणि एक यंत्राला वारा घालतंय. मी लॅपटॉपची विनवणी करत होते. एवढी वर्षं दिलेल्या शिव्या मी एकेक करून परत घेतल्या.

वीज गेलीच. आम्ही दोघं अंधाऱ्या दुकानात विजेची वाट बघत बसलो. परत आली तेव्हा बटण दाबायची माझी हिंमत होईना, त्यानंच दाबलं. बऱ्याच वेळानं पडदा उजळला, लाल पट्टी उमटली, आणि तिला पाहून मला आयुष्यात पहिल्यांदा बरं वाटलं. फोटो पेनड्राइव्हवर घेतला. दिग्रसचं लग्न कार्डातच राहू दिलं, संध्याकाळसाठी नवऱ्यानं दुसरं कार्ड उसनं आणलं. मग बाकीची न नेलेली लग्नंही उघडून पाहिली. प्रत्येकाच्या सुरुवातीला बाबा होते. खुर्चीच्या टोकावर, कधी डोळे मिटलेले, कधी चष्मा पुसताना. दुसऱ्यांचं राखता राखता तेवढे तेच राहिले होते.

कार्यक्रमाला फोटो ठेवला. मागची खुर्ची मी काढून टाकली नाही, तेवढी लाल कड राहू दिली. भंतेजींनी त्रिशरण दिलं, लोक मेणबत्त्या लावून गेले. सगळे गेल्यावर माय फोटोपुढे सरकून बसली.

"हे कोनाले पाहून हासून राह्यले?"

"मला."

"काय म्हनलतं तू?"

मी सांगितलं. माय त्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "पयाली कुठं," ती फोटोला म्हणाली, "हे काय बसली." आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, तिनं पदर तोंडात कोंबला. मी तिची पाठ चोळत राहिले.

जरा सावरल्यावर तिनं विचारलं, "कोनाचं लगन होतं हे?"

मी सांगितलं, आर्णीकडचं एक घर. कापूसवाले लोक. फोटो कधी नेले नाहीत.

"तू तुहं काढून घेतलं त्याच्यातून," माय म्हणाली. "आता त्याइचं त्याइले नेऊन दे. ढीग मोडला तू."

बाबांचा कायदा तिला कोणी शिकवला नव्हता. एवढ्या वर्षांच्या संसारात आपोआप आला असेल. मी नवऱ्याला सांगितलं की न नेलेलं प्रत्येक लग्न आधी घरपोच जाईल, कोणी काही देवो न देवो, आणि तोवर हा लॅपटॉप कुठे जाणार नाही. वाटलं होतं भांडेल. त्यानं नुसती मान हलवली, टेस्टचे सगळे फोटो एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवले आणि फोल्डरला नाव दिलं, बाबा. यवतमाळचा तो नवा लॅपटॉप दुसऱ्या कोणीतरी नेला.

पहिलं अर्थात आर्णीकडचं. त्या घरात फोटो पाहायला दुसरं साधन असेल याचा भरवसा नव्हता, म्हणून लॅपटॉपच एका जुन्या लुगड्यात गुंडाळून, चार्जर घेऊन गेले. एसटीत तो मांडीवर धरून बसले, लेकरासारखा. गावात विचारत विचारत घर सापडलं. कुडाच्या अंगणात एक बाई चुलीसाठी कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या मोडत बसली होती. नवरीची आई. मी तिला फोटोवरून ओळखलं, तिनं मला स्टुडिओवाली म्हणून ओळखलं, आणि ओळखताच तिचा चेहरा पडला.

"आता काई नाई वं बाई घरात," ती पटकन म्हणाली.

"पैशाले नाई आली," मी म्हटलं. मीही नकळत तिच्यासारखीच बोलले. "फोटो द्याले आली. तुमचे हायेत."

तिनं आत नेलं, पाणी दिलं. मी लॅपटॉप ठेवायला जागा आणि विजेचं बटण शोधत होते. बटण खिडकीजवळ होतं. त्याच्यावर भिंतीला एका माणसाचा फोटो लावलेला होता, वाळलेला हार घातलेला. ओळखपत्रावरचा मोठा केलेला फोटो. ताणून ताणून चेहऱ्याचे चौकोन चौकोन झालेले, डोळे कुठे आणि ओठ कुठे ते कळत नव्हतं. कधी गेले, कशानं गेले, मी विचारलं नाही. मी आवाज न करता प्लग लावला.

बाई माझ्याशेजारी येऊन बसली. मुलीचा, जावयाचा, कोणाचाच विषय तिनं काढला नाही. भिंतीकडे बोट केलं, आणि दुसऱ्याची वस्तू मागावी तशी दबकत म्हणाली, "ह्याइचा एखादा फोटो हाय का वं तेच्यात? हासत असलेला?"

होता. एक नाही, कितीतरी होते. तो माणूस मला पाठ होता. गुलाबी फेटा बांधलेला, वाजंत्रीपुढे हात वर करून नाचणारा, व्याह्याला मिठी मारणारा, पंगतीत आग्रह करकरून बुंदी वाढणारा. बाबांचा आणखी एखादा फोटो मिळतो का म्हणून हे लग्न शेवटपर्यंत चाळताना, हे नाहीत, हेही नाहीत, म्हणत मी त्यालाच तर सारखी बाजूला सारत गेले होते.

"हाय," मी म्हटलं, आणि बटण दाबलं.

पंखा घरघरायला लागला. पडदा अजून काळाच होता. मी तो भिंतीला टेकवून धरला, आणि आम्ही दोघी त्याच्याकडे बघत बसलो.